बॉनेटवरची पितळी पाटी

मी आज जो काही आहे तो सुभेदारांमुळे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या भागात त्यांना सगळे सुभेदारच म्हणत आणि मी आबा म्हणायचो. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. माझे वडील जत तालुक्यातले मेंढपाळ. पाऊसकाळ सरला की आमची मेंढरं कृष्णाकाठाला यायची आणि रानाला खत मिळावं म्हणून मळेवाले ती आपल्या शेतात बसवून घ्यायचे. साताऱ्याच्या खालच्या अंगाला आबांचा ऊस होता. तिथे बांधावर बसून शेंगदाण्याच्या पुडीचा कागद मोठ्यानं वाचताना त्यांनी मला पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "मेंढरं घिऊन जावा. ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या." तिसऱ्या दिवशी मेंढरं पुढे गेली आणि मी मागे राहिलो.

हायस्कूल मी त्यांच्याच घरी राहून केलं. मॅट्रिक झाल्यावर सांगलीच्या कॉलेजात नाव घालायला ते स्वतः आले. लष्करी कोट, छातीवर बिल्ले, आणि रांगेत माझ्यामागे ताठ उभे. कारकुनानं वडिलांचा धंदा विचारला तेव्हा मी हळूच शेती म्हणालो. मागून आवाज आला, "मेंढपाळ लिवा. खरं लिवायला शाई जास्त लागत न्हाई." कारकून हसला. मी मान खाली घातली. ते वाक्य पुढे अनेक वर्षं मला टोचत राहणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

आबांकडे एक गाडी होती. लष्कराच्या लिलावात घेतलेली, इंग्रजी बनावटीची, जीपसारखी पण जीपपेक्षा थोराड. तिचं सगळं अंग अ‍ॅल्युमिनियमचं होतं आणि याचा आबांना फार अभिमान. जुन्या लाउडस्पीकरमधला एक लोहचुंबक त्यांच्या खिशात असायचा. एसटी स्टँडवर चार माणसं जमली की ते बॉनेटवर तो टेकवायचे आणि सोडून द्यायचे. चुंबक घसरून खाली पडायचा. "लोखंडच न्हाई तर गंज कुठनं चढंल?" असं विचारून ते सगळ्यांकडे बघायचे. हा खेळ पाहिलेली माणसंही पुन्हा पाहायला थांबायची.

या गाडीला रंग द्यायचा तो सांगलीच्या पेंटरनं. पेंटर आबांच्याच पलटणीत होता. तिथे ट्रकना रंग देण्याचं काम करायचा. निवृत्तीनंतर त्यानं सांगलीत हळदीच्या गोदामांमागे शेड घातली होती. गोदामात दिवसभर हळदीची धूळ उडायची, म्हणून तो दुपारी हमाल जेवायला गेले की शेडभोवती ओली पोती टांगायचा आणि तेवढ्या दोन तासांत रंगाचा शेवटचा हात मारायचा. त्याच्या रंगात धुळीचा एक कण सापडायचा नाही. कारखान्याला ऊस वाहणारे कितीतरी ट्रक आबांच्या शब्दावर त्याच्याकडे जायचे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. निवृत्तीच्या वेळी पलटणीनं आबांना एक पितळी पाटी दिली होती. दीड वीत लांब, वर दोन तलवारी आणि खाली पलटणीचा क्रमांक. ती घरात भिंतीवर होती. त्या वर्षी गाडीला नवा हिरवा रंग झाला आणि ती पाटी बॉनेटवर बसवावी असं आबांच्या मनात आलं. पेंटर म्हणाला, बसवू या, पण खाली रबर पाहिजे. त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून पाटीच्या मापाचा तुकडा कापला, बोल्टांसाठी रबराच्या बारीक चकत्या कापून काडेपेटीत भरल्या आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. तो पुढच्या आठवड्यात येऊन पाटी बसवणार होता. दसरा मात्र चार दिवसांवर होता.

मला आबांना खूश करायचं होतं. गावी पोचल्यावर मी हातड्रिल मागून आणलं आणि पाटी स्वतः बसवली. रबराचा तुकडा पाटीहून जरा मोठा होता. चकचकीत पितळेभोवती त्याची काळी किनार दिसत होती आणि ती मला कुरूप वाटली. कात्रीनं कड कापता आली असती. मी तो तुकडाच काढून ठेवला. एवढंच नाही, पाटी घट्ट बसावी म्हणून तिच्याखालचा नवा रंग पॉलिश पेपरनं खरवडून काढला आणि धातूवर धातू टेकवून चार पितळी बोल्ट आवळले. रबर आणि काडेपेटी आबांच्या घरी असलेल्या माझ्या पत्र्याच्या पेटीत गेली. पुढे तो तुकडा मी वसतिगृहात नेला आणि दौतीखाली ठेवायचो.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली, पाटीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी बॉनेटवर शिंपडलं. आबा पाटीवरून तळहात फिरवत राहिले.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी ते पाटी घासायला लागले. घरातली देवाची भांडी घासतात तशीच, चिंच आणि मीठ लावून. पाटी आरशासारखी चमकायची. चिंचमिठाचं पाणी तिच्या कडेनं आत जायचं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं तरी ते सगळं काही बाहेर येत नसणार. तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

दीड वर्षात पाटीच्या भोवती रंगाला फोड आले. नखानं फोडला की आतून चुन्यासारखी पांढरी भुकटी पडायची. गंज नाही, हे तर उघडच होतं. म्हणजे आबांच्या मते खोट रंगातच होती. मी सांगलीला निरोप नेला. पेंटर आला, पाटीभोवतीचा रंग घासून काढला, प्रायमर लावला, पुन्हा रंग दिला. पाटी उघडू द्या असं तो म्हणाला होता, पण पाटीला हात लावू द्यायला आबा तयार नव्हते. सहा महिन्यांत फोड परत आले. पेंटर परत आला. पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला उसाची तोड चालू होती आणि अंगणात दहाबारा माणसं चहाला बसलेली होती. आबांचा आवाज चढलेला होता. इतकी वर्षं ज्याची शिफारस केली त्यानं आपल्याच गाडीला हलका माल लावावा, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. पेंटर बॉनेटवर वाकला. पाटीच्या कडेवरून त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"रबर घातला व्हतास न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पेंटरच्या विचारण्यात राग नव्हता. बहुतेक त्याला उत्तर ठाऊक होतं आणि मी ते तोंडानं सांगेन असं त्याला वाटत होतं.

"व्हय," मी म्हणालो.

"ऐकलंस?" आबा म्हणाले. "आता काय माझ्या पोराला खोटं पाडतोस?"

माझ्या पोराला. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता. त्या एका शब्दामुळे मला तोंडातला होकार मागे घेता आला नाही. पेंटर हळूच सरळ झाला. "मग रंगच खोटा म्हनायचा, सुभेदारसाहेब," एवढं बोलून त्यानं ब्रश फडक्यात गुंडाळले. त्याच्यासाठी आणलेला चहा तसाच कट्ट्यावर राहिला. फाट्यापर्यंत तो चालत गेला आणि एसटीनं सांगलीला परतला.

त्यानंतर आबांनी त्याचं नाव टाकलं. विषय निघाला की त्याच्या रंगाला फोड येतात म्हणून सांगायचे. सुभेदार म्हणतात म्हटल्यावर ट्रकवाले कऱ्हाडला जायला लागले. सांगलीत मी त्याच्या शेडवरून जाणं बंद केलं. त्यासाठी गणपती पेठेतून लांबचा वळसा पडायचा. तो मी रोज घ्यायचो.

तरीही तोवर मला वाटत होतं की मी फक्त एक लहानसं खोटं बोललो, रबर नसला म्हणून काय होतं, फोड कशानंही आले असतील. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हा आधारही गेला. प्रयोगशाळेत मी अ‍ॅल्युमिनियमच्या एका ताटलीत मिठाचं पाणी आणि त्यात तांब्याची पट्टी तशीच विसरून आलो. मध्ये सुट्टी आली. परतलो तेव्हा प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी ताटली माझ्या नाकासमोर धरली. पट्टीखाली पांढरा चिकट थर आणि त्याच्यामागे भोक, त्यातून खिडकीचा उजेड दिसत होता. दोन तऱ्हेचे धातू मिठाच्या पाण्यात एका जागी ठेवायचे नसतात हे त्यांच्यासारख्या अडाण्यालाही कळतं, असं ते म्हणाले आणि ताटली माझ्याकडून भरून घ्यायची धमकी दिली.

मी ताटलीकडे बघत राहिलो. पितळ म्हणजे तांबं आलंच. मीठ दर सोमवारी. आणि मधला रंग मी स्वतःच्या हातानं खरवडलेला. दोन धातू ओल्या मिठात एकमेकांना टेकले की त्यांतला एक झिजत जातो हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं होतं. आकृतीतल्या पट्ट्या आणि आबांची पाटी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या.

त्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो तर बसवेना. वर जायचो, खाली यायचो. शनिवारी सरळ एसटी धरून गावी गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो आणि प्रत्येक थांब्यावर ते मोडत होतं. घरी पोचलो तर आबा पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलेले. चारच्या गाडीनं येणार होते.

म्हणजे माझ्याकडे तीन तास होते. सांगण्याऐवजी दुरुस्तच करून टाकू, असा विचार मनात आला आणि मला एकदम हलकं वाटलं. पाटी उघडली. खालचं अ‍ॅल्युमिनियम खडबडीत होऊन देवीच्या व्रणांसारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं. दोन ठिकाणी सुईएवढी भोकं होती. भुकटी खरवडली, पॉलिश पेपरनं स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासलं, पाण्यानं पुन्हापुन्हा धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. पेंटरनं दिलेला रबर दौतीखालून काढून मी येताना आबांना दाखवायला पिशवीत टाकला होता. तो या वेळी कड कापून पाटीखाली बसवला. बोल्टांनाही चकत्या हव्या होत्या, नाहीतर पितळ बोल्टांच्या वाटेनं अ‍ॅल्युमिनियमला टेकणारच. पण चकत्यांची काडेपेटी पेटीत सापडेना आणि फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी बोल्ट तसेच आवळले आणि मोकळ्या जागेवर हिरव्या रंगाचा हात मारला.

आबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. काय केलंस म्हणून विचारल्यावर मी म्हणालो, कॉलेजात शिकवलेलं थोडं करून बघितलं. उन्हाळ्यापर्यंत हवा कोरडी राहिली आणि फोड काही आले नाहीत. मग तर विचारायलाच नको. चुंबकाच्या खेळाला आता नवा शेवट जोडला गेला. पेंटरला तीन खेपांत जमलं नाही ते आमच्या पोरानं एका दुपारी केलं, शिक्षण म्हणजे असं असतं, असं ते स्टँडवरच्या अनोळखी माणसांनाही सांगायचे. मी शेजारी उभा असायचो. माझं कौतुक झालं की प्रत्येक वेळी पेंटरचं नाव थोडं आणखी खाली जायचं.

निकाल लागला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मीच पहिला. आबांनी पेढ्यांचं ताट बॉनेटवर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं. माझे वडीलही जतहून आले होते. त्यांनी माझं गुणपत्रक दोन्ही हातांत उलटं धरलं आणि आबांनी ते सुलटं करून दिलं. एवढा आनंदाचा दिवस, आणि माझं लक्ष ताटाच्या कडेला. चारही बोल्टांच्या भोवती तांदळाच्या दाण्याएवढे फोड वर आले होते. हायस्कूलचे हेडमास्तर पेढा घेताना वाकून बघायला लागले तसे आबा म्हणाले, "पेंटरचा जुना रंग अजून आत ऱ्हायलाय. त्याला काय करणार?"

मी ताट उचलून आत नेलं.

महिन्याभरात शिरवळच्या हायस्कुलात विज्ञान शिक्षक म्हणून नेमणूक झाली. दाखले आणायला सांगलीला जावं लागलं, तेव्हा वळसा न घेता शेडवर गेलो. दुपारची वेळ होती पण पोती टांगलेली नव्हती. आत ट्रक नव्हता. पेंटर एका हळदीच्या अडत्याच्या दुकानाची पाटी रंगवत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यानं ब्रश थांबवला नाही.

"मला काय नवीन सांगतोस? कड बघितली तवाच कळलं."

मग तिथेच का नाही बोललात, असं मी विचारलं.

"माझं कोन ऐकत हुतं? तू व्हय म्हनलास." त्यानं एक अक्षर पुरं केलं. "तू बी.एस्सी. व्हायची वाट बघत हुतो गड्या. म्हनलं, तेवढं शिकल्यावर तरी बोलंल."

मी चुकलो, असं म्हणालो. तो म्हणाला, त्याच्याशी खोटं बोललेलं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. शेडमध्ये येऊन माफी मागितल्यानं शेडमध्ये ट्रक येणार नव्हते. "माझ्याकडं कशाला आलास? त्याला सांग की," तो म्हणाला, आणि त्याच्या उजेडात उभा होतो म्हणून मला बाजूला सरकायला सांगितलं.

शिरवळला खोली घेतली. आठवीला पहिलाच धडा धातूंचा होता. तो मी पुढे ढकलून वनस्पतींचा घेतला. हायवेवरून ट्रक गेला की दारात येऊन त्याचा रंग बघायची सवय लागली. शेवटी एका रविवारी पत्र लिहायला बसलो. पहिल्या चार ओळी इतक्या वेळा खोडल्या की कच्चा कागद माझ्याकडेच राहिला. त्यावरून ते पत्र इथे देतो.

तीर्थस्वरूप आबांस, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इकडे सुखरूप आहे. शाळा चांगली आहे. पण हे पत्र खुशालीचं नाही. कृपया एकट्यानं वाचावं, आणि मग पाहिजे तर सगळ्यांना वाचून दाखवावं.

गाडीच्या बॉनेटला जे फोड आले ते रंगानं नाही, माझ्यामुळे आले. पेंटरकाकांनी पाटीखाली घालायला रबर दिला होता. दिसायला वाईट दिसतो म्हणून मी तो घातला नाही, शिवाय खालचा रंगही खरवडला. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये मिठाचं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. तसंच झालं आहे. त्यावर कितीही चांगला रंग दिला तरी तो उचलला जाणारच.

अंगणात सर्वांसमोर काकांनी मला विचारलं तेव्हा मी व्हय म्हणालो. ते खोटं होतं. तुम्ही मला माझं पोर म्हणालात, म्हणून मला मागे फिरता आलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं झालं एवढंच. नंतर तुम्ही साताऱ्याला गेला होता त्या दुपारी मी गुपचूप रबर घातला आणि कौतुक मात्र उघड घेतलं. पहिल्या चुकीपेक्षा याची मला जास्त लाज वाटते.

तुम्ही चुंबक दाखवून सांगता ते खरं आहे. गाडीला गंज चढत नाही. लोकांना तसं जरूर सांगावं. पण फोडांचं सांगताना यापुढे माझं नाव घ्यावं. ज्यांना ज्यांना पेंटरकाकांबद्दल सांगितलं त्यांनाही तुम्ही हे सांगितल्याशिवाय ट्रक परत जाणार नाहीत. माझ्या सांगण्याला तिथे काही किंमत नाही.

कॉलेजात माझ्या वडिलांचा धंदा तुम्ही खरा लिहायला लावलात. मला तो दिवस रोज आठवतो.

सोमवारी पाटी घासताना ती काढून घासावी, किंवा चिंचमिठाऐवजी नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसावी. फोड बोल्टांपाशी आले आहेत ते मी पाहिले आहेत. पाटी एकदा उघडून, खालचं सगळं पांढरं काढून, दोन भोकं बुजवून, प्रायमर देऊन रंग द्यावा लागेल. हे काम मी करणार नाही. काकांना बोलवावं. ते निरोपावर येणार नाहीत, तुम्हालाच सांगलीला जावं लागेल. दुपारी हमाल जेवायला जातात त्या वेळी ते शेडमध्ये असतात.

तुम्ही ये म्हणालात तर मी येईन. नाही म्हणालात तर ते मला समजेल.

पाटी उघडताना खालचा डावा बोल्ट अडतो, त्याला आदल्या दिवशी थोडं तेल सोडावं. बोल्टांना घालायच्या रबराच्या चकत्या काकांनी तेव्हाच कापून दिल्या होत्या. त्या मला त्या दुपारी सापडल्या नाहीत. तिथल्या माझ्या पत्र्याच्या पेटीत, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली, काडेपेटीत असतील. चार आहेत.

आपला,
मेंढपाळाचा मुलगा